विश्लेषण : पहिल्या रॉक अल्बमची धास्ती नेमकी कशाची?

नाशिकमध्ये जन्मलेल्या रघू दीक्षित यांना पहिल्या अल्बमसाठी कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागले. आज एकलहऱ्यातील तरुणाला घरबसल्या आपला अल्बम जगभर पोहोचवता येतो. तरीही नव्या गायकाची धाकधूक कमी झालेली नाही. ती येते कुठून, आणि तिच्यात खरे किती?

नाशिकरोडहून सामनगावच्या रस्त्याने निघाले, की एकलहरे औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. समजा, या परिसरातील एखाद्या खोलीत एक तरुण गायक बसला आहे. मांडीवर इलेक्ट्रिक गिटार, समोर लॅपटॉप. आठ गाण्यांचा पहिला रॉक अल्बम तयार आहे. एक बटण दाबायचे तेवढे राहिले आहे आणि तेच त्याच्याने दाबवत नाही. आवाज कच्चा तर वाटणार नाही ना? मराठीत रॉक कोण ऐकणार? कुणी हसले तर? आणि कुणी ऐकलेच नाही तर?

हा तरुण काल्पनिक आहे, त्याचे प्रश्न नाहीत. मात्र वीस वर्षांपूर्वी हेच प्रश्न वेगळ्या क्रमाने पडत असत. तेव्हा पहिली चिंता होती ती अल्बम निघेल का, याची. लोक ऐकतील का, हा प्रश्न फार पुढचा. या बदलाची कहाणी समजून घ्यायला एक नाव नाशिकच्याच जन्माचे आहे.

रघू दीक्षित कोण?

लुंगी, पायात घुंगरू, हातात गिटार आणि गळ्यात कन्नड लोकगीत अशा रूपात जगभरच्या मंचांवर दिसलेले रघू दीक्षित यांचा जन्म १९७४ मध्ये नाशिकचा. वाढले ते म्हैसूरला. लहानपणापासून शिक्षण भरतनाट्यमचे. गिटार हाती आली ती चक्क पैजेतून. नाचावरून महाविद्यालयातील एका मुलाने टिंगल केली, तेव्हा ‘दोन महिन्यांत तुझी गिटार शिकून दाखवतो’ असे आव्हान त्यांनी दिले आणि उसनी गिटार आणून ते पुरे केले, हा किस्सा त्यांनीच अनेकदा सांगितला आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि सुवर्णपदक, मग बेल्जियममध्ये नोकरी. तिथे घरमालकाने त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना स्थानिक रेडिओ केंद्रावर नेले. रेडिओवर गाणे वाजल्यावर हा माणूस नोकरी सोडून भारतात परतला.

चित्रपटात शोभेल अशी ही सुरुवात असली, तरी पुढची काही वर्षे तशी मुळीच नव्हती. बंगळूरुत ‘अंतराग्नी’ हा बँड उभा राहिला आणि काही वर्षांत फुटला. दीक्षित मुंबईतील संगीत कंपन्यांकडे गाणी घेऊन जात आणि परत येत. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतील गाणी, त्यांत लोकसंगीत आणि रॉक एकत्र. हे दुकानात कोणत्या कप्प्यात ठेवायचे, असा कंपन्यांपुढे प्रश्न. चित्रपटाबाहेरच्या संगीताला आधीच मागणी कमी, त्यात पुन्हा ही सरमिसळ.

शेवटी मुंबईतल्या एका कार्यक्रमात संगीतकार विशाल दादलानी आणि शेखर रावजियानी यांनी त्यांना ऐकले. दादलानी स्वतः ‘पेंटाग्राम’ या मुंबईच्या रॉक बँडचे गायक, त्या बँडचा पहिला अल्बम १९९६चा. नव्या रॉक गायकाला कंपनीच्या दारात काय ऐकावे लागते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. विशाल-शेखर यांच्या ‘काउंटर कल्चर रेकॉर्ड्स’तर्फे २००८ मध्ये दीक्षित यांचा पहिला अल्बम आला. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडून काही वर्षे झाली होती. अल्बममधील एका इंग्रजी गाण्याचे नाव ‘आय एम इन मुंबई, वेटिंग फॉर अ मिरॅकल’, म्हणजे मुंबईत चमत्काराची वाट पाहत थांबलेला माणूस. मधल्या काळाचे वर्णन करायला एवढे शीर्षक पुरेसे आहे.

त्यानंतर २०१० मध्ये बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांचा प्रसिद्ध संगीत कार्यक्रम, २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘साँगलाइन्स’ मासिकाचा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार. पहिल्या अल्बमनंतर तीन वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी ‘नवोदित’! पंचविशीत अल्बम निघाला नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्यांनी हे वय लक्षात ठेवायला हरकत नाही.

मराठी माणसाचे रॉकशी नाते जुने आहे का?

आहे, पण ते बहुतेक वेळा इंग्रजीतून गायले गेले. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे याचे ठळक उदाहरण. सत्तरच्या दशकात मुंबईच्या रॉक वर्तुळात त्यांचा आवाज गाजला. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत त्यांनी ज्यूडास साकारला. मग पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये, जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, हाच पाश्चात्त्य बाजाचा आवाज मराठी रंगभूमीवर आला. तो १९७८ चा काळ. मराठी प्रेक्षकाला रॉक चालत नाही, असे म्हणणाऱ्यांना हा प्रयोग आठवून द्यावा लागतो. भेंडे यांचे २०१४ मध्ये निधन झाले.

ऐंशीच्या दशकात मुंबईत ‘रॉक मशीन’ उभा राहिला. महेश तिनईकर यांची गिटार, उदय बेनेगल यांचा आवाज. हाच बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवण्यातच बँड धन्यता मानत असताना त्यांनी १९८८ मध्ये स्वतः रचलेल्या गाण्यांचा पहिला अल्बम काढला. तेव्हा अल्बम म्हणजे स्टुडिओचे भाडे, टेप, कॅसेट छापणे, वितरक आणि दुकान. यातील एकही गोष्ट कंपनीशिवाय होत नसे. त्यामुळे कंपनीतला एक माणूस ‘नाही’ म्हणाला, की विषय संपला.

नाशिकपुरते बोलायचे तर मोठ्या आवाजाचे इथे कुणाला वावडे नाही. नाशिक ढोलाची कीर्ती देशभर आहे. सुला विनयार्ड्सचा ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव सुरू झाला तोही २००८ मध्येच, दीक्षित यांच्या पहिल्या अल्बमच्या वर्षी. श्रोता होता आणि आहे. त्याच्यापर्यंतचा रस्ता तेवढा कंपनीच्या दारातून जात होता.

मग आता दार कोण अडवते?

कुणीही नाही, आणि धास्तीचे नवे कारण तेच आहे. स्पॉटिफाय भारतात आले फेब्रुवारी २०१९ मध्ये. अशा बहुतेक मंचांवर गायकाला थेट गाणे टाकता येत नाही, मध्ये डिजिटल वितरक लागतो. काही वितरक वार्षिक वर्गणी घेतात, काही उत्पन्नातील वाटा. गाण्याची फाइल, मुखपृष्ठाचे चित्र आणि रचनाकारांची नावे दिली की काही दिवसांत गाणे सगळीकडे दिसू लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. गाडीच्या चासी नंबरसारखा. गाणे कुठेही वाजले तरी ते कुणाच्या खात्यात मोजायचे, हे त्यावरून ठरते.

पण दार उघडे म्हटल्यावर सगळेच आत शिरतात. संगीत-विक्रीची आकडेवारी ठेवणाऱ्या ‘ल्युमिनेट’ या कंपनीच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगभरात रोज सरासरी एक लाखाहून अधिक नवी ध्वनिमुद्रणे मंचांवर चढत होती. त्याच वर्षी साडेचार कोटींहून अधिक गाणी अशी होती, की वर्षभरात ती एकदाही कुणी वाजवली नाहीत. एकदाही नाही, म्हणजे गायकाच्या घरच्यांनीसुद्धा नाही.

स्पॉटिफायने २०२४ पासून आणखी एक पायरी घातली. मागील १२ महिन्यांत एखादे गाणे किमान १,००० वेळा ऐकले गेले, तरच त्याचे पैसे मिळू लागतात. किती वेगवेगळ्या श्रोत्यांनी ते ऐकले, हेही पाहिले जाते. त्यामुळे मित्राच्या फोनवर रात्रभर तेच गाणे फिरवत ठेवून काही साधत नाही. पैसे देऊन ‘दहा हजार श्रोते’ मिळवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी तर लागूच नये. बनावट श्रवण पकडले गेले तर गाणे काढून टाकले जाते आणि दंड वितरकावर बसतो. तो वितरक मग नव्या गायकाचे खाते ठेवेलच असे नाही.

दर ऐकण्यामागे ठरलेला भाव असतो, हाही गैरसमज. मंचाचे त्या महिन्याचे उत्पन्न आणि एकूण श्रवणांतील त्या गाण्याचा हिस्सा, यांवरून रक्कम निघते. पहिल्या अल्बममधून गिटारच्या तारांचा खर्च निघाला तरी पुष्कळ, असा हिशेब मनाशी ठेवलेला बरा. रॉक गायकाची कमाई आजही मुख्यतः प्रत्यक्ष कार्यक्रमांतून होते. कार्यक्रम देणारा मात्र पहिली गोष्ट विचारतो ती ‘तुमचे काही ऐकायला मिळेल का?’ अल्बम हवा असतो तो या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

घरच्या ध्वनिमुद्रणात ती गुणगुण कसली?

एकलहऱ्यात बसून रॉक ध्वनिमुद्रित करण्यात एक गमतीचा योग आहे. इथे १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७०च्या आसपास सुरू झाले, मग १९७९ ते १९८१ दरम्यान २१० मेगावॉटचे तीन. जुने दोन बंद पडले, आता क्षमता ६३० मेगावॉट. या संचांचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. देशभरच्या ग्रिडची वारंवारिता हीच, ५० हर्ट्झ. गिटार अॅम्प्लिफायरला जोडली की स्पीकरमधून ‘हम्म’ असा जो खर्जातला आवाज येतो, तो याच ५० हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा. नव्या गायकाला वाटते आपली गिटार बिघडली. ती बिघडलेली नसते, ती वीज ‘ऐकत’ असते.

उपाय आहेत. एका वेटोळ्याचा पिकअप ही गुणगुण पकडतो. म्हणून गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट दिशेने गुंडाळलेली दोन वेटोळी जोडून ‘हमबकर’ तयार केला. दोन्हींतील गुणगुण एकमेकांना मारते, तारेचा आवाज राहतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ध्वनिमुद्रण करणे, ट्यूबलाइट आणि फोन लांब ठेवणे, सगळी उपकरणे एकाच बोर्डावर लावणे, यानेही बराच फरक पडतो.

एक उपाय मात्र कधीही करू नये. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची, हा सल्ला हमखास मिळतो. तो जीवघेणा आहे. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी येथे मंचावरच मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना तसाच गेला. खोलीला अर्थिंग आहे का, हे अल्बमच्या कामाआधी वायरमनकडून तपासून घ्यावे. गावात पिढ्यान्‌पिढ्या विजेवर काम करणारी माणसे आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

गुणगुण गेल्यावर दुसरा धक्का बसतो तो स्वतःच्या आवाजाचा. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज हवेतून कानावर येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडांतून खालच्या पट्टीचे सूर जास्त पोहोचतात, त्यामुळे आपल्याला आपला आवाज भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात हाडांचा भाग नसतो. म्हणून तो पातळ, परका, कधी कधी चक्क लाजिरवाणा वाटतो. हे प्रत्येकाला वाटते. इतरांनी मात्र आपला आवाज कायम तसाच ऐकलेला असतो. अर्धा अल्बम पुन्हा गायला बसण्याआधी एवढे ध्यानात घेतले, तर कित्येक आठवडे वाचतात.

तिसरा घोळ मोठेपणाचा. आपले गाणे इतरांपेक्षा बारीक वाटेल या भीतीने नवे कलाकार मिश्रण करताना सगळेच चढवून ठेवतात. स्पॉटिफायसारखे मंच मात्र प्रत्येक गाण्याचा सरासरी आवाज एका ठरावीक पातळीवर आणतात, त्यामुळे फार चढवलेले गाणे तिथे आपोआप खाली येते. उरते ती चिरडलेली ढोलकी. मास्टरिंगचे काम अनुभवी कानाकडे सोपवावे. गिटार थोडी स्वस्तातली घेतली तरी चालेल, हा खर्च वाचवू नये.

कागदावर काय असावे?

नवा गायक सुरांबद्दल रात्ररात्र जागतो आणि सही मात्र पानही न उलटता करतो. पुढे मनस्ताप होतो तो बहुधा याच सहीपायी.

एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षे. ध्वनिमुद्रणाचा हक्क कायद्याने निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. गायलो मी, म्हणून ध्वनिमुद्रण माझे, असे आपोआप होत नाही. मित्राच्या काकांनी स्टुडिओचा खर्च केला असेल, तर अल्बमचा मालक कोण, हे त्याच दिवशी कागदावर यायला हवे. बँडमध्ये चौघे असतील तर कोणत्या गाण्यात कुणाचा किती वाटा, हेही. चौघांची मैत्री घट्ट असताना हा कागद पाच मिनिटांत होतो, बिनसल्यावर पाच वर्षांत होत नाही.

भारतीय कॉपीराइट कायद्यात नवख्यांना सांभाळणाऱ्या काही तरतुदी आहेत. हक्क हस्तांतरित करताना करारात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारात ‘संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी’ असे शब्द सापडतात. तिथेच थांबून वकिलाला विचारावे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क आणखी पक्का केला. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून इतर कुणाला देऊन टाकता येत नाही. या रॉयल्टीची वसुली आयपीआरएस ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. स्वतः लिहिणाऱ्या आणि चाल बांधणाऱ्या गायकाने पहिल्या गाण्यापूर्वीच तिचे सदस्यत्व घ्यावे.

मराठी रॉक म्हटले की अभंग इलेक्ट्रिक गिटारवर घेण्याचा मोह होतोच. तुकाराम महाराजांच्या शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नाही. मात्र तोच अभंग विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराच्या गाजलेल्या चालीत घेतला, तर चाल मोकळी असेलच असे नाही. शब्द संतांचे घ्यावेत, चाल स्वतःची बांधावी. दीक्षित यांनी पहिल्या अल्बममध्ये हेच केले. एकोणिसाव्या शतकातील कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ यांच्या रचना त्यांनी आपल्या चालीत गायल्या. कायद्याचा प्रश्न उरला नाही, आणि ती गाणी त्यांची ओळख ठरली.

भीती गळ्यालाच का धरते?

मंचावर पाऊल टाकताना मेंदूला धोक्याचा इशारा मिळतो आणि रक्तात अॅड्रेनॅलिन वाढते. हृदय धडधडते, तोंड कोरडे पडते, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. पळायचे किंवा लढायचे असेल तर हे उपयोगाचे. गाणे मात्र लांब, खोल श्वासावर चालते आणि स्वरयंत्राचे स्नायू अगदी नाजूक असतात. गिटारवादकाची बोटे थरथरली तर एखादा सूर चुकतो. गायकाचे वाद्यच त्याचे शरीर, त्यामुळे थरथर सरळ आवाजात ऐकू येते.

मोठ्यांनाही यातून सुटका नाही. बार्बरा स्ट्रायसँड १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गाताना शब्द विसरल्या आणि त्यानंतर सुमारे २७ वर्षे त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करणे टाळले. ब्रिटनच्या ‘एक्सटीसी’ बँडचे गायक अँडी पार्ट्रिज १९८२ मध्ये पॅरिसच्या कार्यक्रमातून उठून गेले आणि बँडचे दौरे कायमचे थांबले. अल्बम मात्र थांबले नाहीत. त्यांचे नावाजलेले काम त्यानंतरचे आहे. दौरे न करणारा रॉक गायकही असू शकतो, हे त्यांनी दाखवले. तो मार्ग सोपा नाही, पण आहे.

नव्या गायकाला लगेच वापरता येईल असा एक प्रयोग हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सहभागींना अनोळखी माणसांसमोर एक रॉक गाणे कराओकेवर गायला लावले. त्याआधी काहींना ‘मला भीती वाटते आहे’ असे म्हणायला सांगितले, काहींना ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे. उत्साह म्हणणाऱ्यांचे गाणे यंत्राच्या मोजणीत अधिक अचूक ठरले. कारण भीती आणि उत्साह यांत शरीराची अवस्था जवळपास सारखी असते, धडधड दोन्हींत होते. ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावत धडधड दाबण्यापेक्षा तिचे नाव बदलणे सोपे पडते.

बाकी घरगुती युक्त्या ठाऊक असतातच : कोमट पाणी, सावकाश सोडलेला लांब श्वास, पहिले गाणे सोप्या पट्टीतले. आणि सर्वांत जास्त उपयोग सरावाचा, तोही माणसांसमोर. अल्बमपूर्वी एखाद्या गणेश मंडळाच्या कार्यक्रमात किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात चार गाणी गाऊन घेतलेला गायक आणि खोलीबाहेर कधीच न गायलेला गायक, यांच्या भीतीत फरक असतो. काही कलाकार धडधड कमी करणारी बीटा ब्लॉकर गोळी घेतात. दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते, त्यामुळे मित्राने दिली म्हणून घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. आणि भीती मंचापुरती न राहता झोप, भूक, रोजचे जगणे खाऊ लागली, तर ती ‘कलाकाराची तगमग’ म्हणून मिरवायची गोष्ट नाही. सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.

प्रकाशनाच्या दिवशी काय करायचे?

संगीत-उद्योगाने जुलै २०१५ पासून नव्या प्रकाशनाचा वार जगभर शुक्रवार ठरवला. त्यामुळे शुक्रवारी मोठ्या नावांची गर्दी असते. नव्या गायकाने मंगळवारी किंवा बुधवारी गाणे आणले तर काही बिघडत नाही. तारीख मात्र तीन-चार आठवडे पुढची घ्यावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एखादे गाणे विचारार्थ पाठवायचे, तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते, आणि अल्बममधील एकच पाठवता येते. आठही गाणी एकाच रात्री टाकून मोकळे होण्यापेक्षा आधी दोन-तीन सुटी आणून मग पूर्ण अल्बम आणण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली आहे.

पहिल्या रात्री आकडे पाहत बसण्याचा मोह आवरणे कठीण. पण तेव्हा पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच असते. नाव मिळतेजुळते असेल, तर मंचाची यंत्रणा गाणे बरेचदा दुसऱ्याच गायकाच्या पानावर नेऊन ठेवते. नाशिकच्या गायकाचा पहिला अल्बम परदेशातल्या कुण्या भजनगायकाच्या नावावर दिसू लागतो, आणि त्याच्या श्रोत्यांना कळत नाही हा गोंगाट कसला. म्हणून सकाळी उठल्यावर आधी आपले पान उघडावे. नाव, गीतकार, संगीतकार, वादकांची नावे, मुखपृष्ठ, गाण्यांचा क्रम तपासावा. चूक असेल तर वितरकाकडे दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा. दुरुस्तीला काही दिवस लागतात. तोवर वादकांना फोन करून त्यांची नावे बरोबर लागली आहेत का, हे विचारून घ्यावे.